सहा घरं आणि एक मायनस

मी एक फॉरमॅट स्पेसिफायर आहे. नाव ऐकूनच जांभई आली ना? येऊ द्या, मला सवय आहे. जिने मला जन्माला घातलं तिचीही जीभ माझं नाव घेताना अडखळते.

माझं पूर्ण नाव `:+6.2f`. एवढंसं, चिमूटभर. पण आमच्यात नावातच सगळं काम लिहिलेलं असतं. तुमच्यात तसं नाही. तुमच्यात ज्याला सगळे साहेब म्हणतात त्याला काम येत असेलच असं नाही. त्या गोष्टीवर मी येणारच आहे, जरा दम धरा.

आधी घराणं सांगतो. पायथॉन नावाची एक भाषा आहे. त्या भाषेत एखाद्या वाक्याच्या अवतरणचिन्हाआधी f हे अक्षर ठेवलं, की ते वाक्य जागं होतं. मग त्यात महिरपी कंस काढून जे नाव लिहाल, त्याची किंमत तिथे येऊन बसते. पण येते ती झोपेतून उठल्यासारखी, केस विस्कटलेली. दीड असेल तर नुसतं 1.5, तीन असेल तर 3.0. अशा अवतारात तिला चारचौघांत कसं पाठवणार? म्हणून कंसात तिच्या मागे अपूर्णविराम देतात आणि मला उभं करतात. मी तिचा भांग पाडतो आणि बाहेर सोडतो.

माझ्यातला + म्हणतो, चिन्ह दाखव, आकडा प्लस असला तरी दाखव. 6 म्हणतो, कमीत कमी सहा घरं अडव; आकडा छोटा असेल तर डावीकडे मोकळी जागा सोड. .2 म्हणतो, दशांशचिन्हानंतर दोनच अंक. आणि f म्हणतो, साधा सरळ दशांश आकडा लिही, उगाच विद्वत्ता नको. आतल्या किमतीला मी हात लावत नाही. आत सव्वादोन असतील तर सव्वादोनच राहतात. मी फक्त दिसण्याचं बघतो. दिसण्यावरून जग चालतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सहा घरं कमीत कमी. हे ‘कमीत कमी’ तेवढं लक्षात ठेवा. ज्यांनी ठेवायला हवं होतं त्यांनी ठेवलं नाही.

माझा जन्म चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. घासायची दोन यंत्रं, झिलई करायचं एक, पॅकिंगचं टेबल, आणि कोपऱ्यात काचेचं दार असलेली केबिन. प्रत्येक ऑर्डरचा एक प्लास्टिकचा ट्रे. ट्रेमध्ये फ्रेम, दोन कच्च्या काचा आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी. नंबर बघायचा, काच घासायची, ट्रे पुढे सरकवायचा.

चिठ्ठ्या लिहायचे ते केबिनमधले साहेब. साहेब म्हणजे मालकांचे मेहुणे. त्यांची पात्रता विचाराल तर तीच, मालकांच्या बायकोचे भाऊ. त्यांच्या अक्षरात एक आणि सात जुळी भावंडं होती. यंत्रावर काम करायचे भिंगकाका. खरं नाव कुणी घेत नसे. तेव्हाच एकोणीस वर्षं झाली होती, तेच यंत्र, तेच स्टूल. रोज दहा वेळा ते चिठ्ठी घेऊन केबिनशी जायचे, “साहेब, हा एक की सात?” आणि साहेब रोज दहा वेळा सुस्कारा सोडायचे, जणू काकांनीच सात वाकडा काढला होता.

काकांची मुलगी तेव्हा कॉम्प्युटर शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. काका तिला बबडी म्हणतात. वडिलांचं हे एक-सातचं रडगाणं ऐकून ती म्हणाली, “बाबा, मी स्टिकर छापणारा प्रोग्रॅम करून देते. माझा अभ्यासही होईल.” मालकांनी लगेच होकार दिला. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला मालक कधी नाही म्हणत नाहीत, तो त्यांचा मोठेपणा.

सुट्टीच्या दिवशी दुपारी बाप-लेक कारखान्यात आले. बबडीने प्रोग्रॅम लिहिला. तेव्हा मी नव्हतो. पहिला स्टिकर निघाला, वर उजव्या डोळ्याचा नंबर, खाली डाव्याचा. 3.0 आणि -1.5. काकांनी तो नाकाशी धरून पाहिला.

“बबडे, हे तीन म्हणजे प्लस तीन, की चिन्ह लिहायचं राहिलं?”

“बाबा, चिन्ह नसलं की प्लसच असतो.”

“ते तुझ्या शाळेत. आमच्याकडे चिन्ह नसेल तर चिन्ह नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग हात थांबवायचा आणि विचारायचं. प्लसच्या जागी मायनस गेला ना, तर माणूस पायरी चुकून तोंडावर पडतो.”

तिने + टाकला.

“आणि दीड हे 1.50 असं लिही. आमच्याकडे पाव, अर्धा, पाऊण असेच नंबर असतात. दोन अंक दिसले की डोळा फसत नाही.”

तिने .2f टाकलं. मग दोन्ही नंबर एकाखाली एक नीट दिसावेत म्हणून मध्ये 6 टाकला. झालो मी पूर्ण! स्टिकरवर +3.00 आणि -1.50 उजवीकडून सरळ रेषेत उभे राहिले, डावीकडे एकेक घर मोकळं. काका म्हणाले, “आता कसं, बघितल्याबरोबर कळतं.” माझ्या आयुष्यात माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही, म्हणून तारीखवार लक्षात आहे.

सहाच का, आठ का नाही, हे तिला कुणी विचारलं नाही. तिनेही स्वतःला विचारलं नाही. समोर +3.00 दिसत होता, त्याला सहा पुरत होते.

महिन्याभरात साहेबांनी नवा प्रिंटर आणला. नवा म्हणजे त्यांना नवा. त्याआधी तो कुठे कुठे नांदून आला होता देव जाणे. त्याला एक खोड होती. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर तो गिळायचा. स्टिकरच्या वरच्या दोन ओळींत ऑर्डर पाठवणाऱ्या दुकानाचं नाव आणि ऑर्डर क्रमांक असायचा; नावाचं पहिलं अक्षर गायब, क्रमांकाचा पहिला अंक गायब.

बबडी म्हणाली, “साहेब, प्रिंटर डावीकडून खातोय.”

“प्रिंटर उत्तम आहे. तुझ्या प्रोग्रॅममध्येच काहीतरी असेल.”

तिने बिचारीने वरच्या दोन ओळींच्या आधी एकेक मोकळी जागा टाकली. प्रिंटर ती मोकळी जागा खाऊन गप्प बसू लागला. नंबरांच्या ओळींना तिने काही केलं नाही. तिथे माझ्या सहा घरांमुळे एक जागा आधीच मोकळी होती! प्रिंटर ती गिळायचा आणि +3.00 सुखरूप बाहेर यायचा.

“नंबरांनाही एक जास्तीची जागा टाकून ठेवू का?” तिने विचारलं.

“जे चालतंय त्याला कशाला बोट लावतेस?” साहेब म्हणाले.

हे वाक्य मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय, की ते एकदा दगडावर कोरून घ्यावं आणि प्रत्येक ऑफिसच्या दारात ठेवावं. म्हणजे निदान ठेच तरी लागेल.

तर अशी माझी नोकरी सुरू झाली. प्रिंटरसमोर एक घर ठेवायचं आणि आकडा वाचवायचा. तीन वर्षं मी हे केलं. मला वाटायचं, केवढी ही माझी हुशारी! पाव नंबरापासून पावणेदहापर्यंत सगळे माझ्या हातून बिनबोभाट गेले. त्याच्यावरचे नंबर आमच्याकडे यायचेच नाहीत. ते मालक दुसऱ्या मोठ्या कारखान्यात पाठवायचे.

काकांची एक सवय सांगायला हवी. काम झालं की ते ट्रेवरचा स्टिकर अलगद सोलायचे आणि यंत्रामागच्या भिंतीवर चिकटवायचे. ओळीने, एकाखाली एक. हातच्या चिठ्ठ्या होत्या तेव्हापासून चिकटवत होते. निम्मी भिंत भरली होती.

पॅकिंगच्या टेबलावरची मावशी त्यांना चिडवायची. “काका, घरात मोकळी भिंत नाही का? की बायको चिकटवू देत नाही?”

“अगं, एकेक कागद म्हणजे दोन डोळे. कुठेतरी कुणीतरी वाचत बसलं असेल. जरा बघितलं की बरं वाटतं.”

“बरं वाटायला लोक फिरायला जातात.”

मावशीची जीभ म्हणजे घासायचं तिसरं यंत्र. पण बावीस वर्षांत तिने एकदाही काकांना डबा एकट्याने खाऊ दिला नाही.

आता मुख्य गोष्ट. साहेबांना एके दिवशी मोठं होण्याची हुक्की आली. एका दुकानदाराने सहज विचारलं, दहाच्या वरचे नंबर करता का? साहेब म्हणाले, “न करायला काय झालं!” करणार होते काका, त्यामुळे साहेबांना काहीच अवघड नव्हतं.

ऑर्डर होती एका शाळेतल्या बाईंची. उजवा डोळा मायनस अकरा, डावा मायनस साडेदहा. साहेबांनी दुकानाचा कागद बघून आकडे भरले. अगदी बरोबर भरले, खोटं कशाला बोलू? मग आकडा माझ्याकडे आला. मी नेहमीप्रमाणे घरं मोजायला बसलो. एक घर मायनसला. दोन घरं अकराला. एक दशांशचिन्हाला. दोन शून्यांना. झाली की हो सहा! पुरेपूर सहा! मोकळं घर एकही नाही.

मला काय करता आलं असतं? काहीच नाही. कमीत कमी सहा सांगितले होते, सहा भरले. नियमात बसलं. मी पडद्यावर ऐटीत -11.00 लिहिलं आणि प्रिंटरकडे सोपवलं. प्रिंटरने सवयीप्रमाणे पहिलं घर गिळलं. त्या घरात या वेळी मायनस होता.

स्टिकर निघाला. 11.00 आणि 10.50.

काकांनी ट्रे उचलला, स्टिकर पाहिला आणि हात थांबवला. तिथून उठून ते केबिनशी आले. साहेब फोनवर कुणाला तरी, आता आम्ही दहाच्या वरचेही करतो, असं सांगत होते.

“साहेब, याला चिन्हच नाही हो.”

“कशाला?”

“नंबराला. प्लस अकरा की मायनस अकरा?”

“काका, चिन्ह नसेल तर प्लस. एवढंही शिकला नाहीत?”

“पण आपल्या स्टिकरवर प्लसचंही चिन्ह येतं. जरा कागद बघता का दुकानाचा?”

“दुकानातून दोनदा फोन आलाय. तुम्ही काचा घासा, बाकीचं मला सोडा.”

दुकानाचा कागद साहेबांच्या चहाच्या कपाखाली होता. कप उचलला असता तरी पुरे होतं. पडद्यावर मी -11.00 असा ठळक उभा होतो, मान वळवली असती तरी पुरे होतं. पण साहेबांची मान काही स्वस्तातली नाही.

काका परत यंत्राशी गेले. स्टिकर उजेडाकडे धरून पुन्हा पाहिला. जुन्या पद्धतीने मोतीबिंदू काढलेल्या माणसांना प्लस अकराच्या आसपासचा नंबर लागतो, हे त्यांना माहीत होतं. कुणीतरी म्हातारं माणूस असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. आणि यंत्र सुरू केलं. काम संपल्यावर सवयीने स्टिकर भिंतीवर लावला.

दुकानात काच तपासायचं यंत्र होतं. त्यावर कॅलेंडर टेकवून ठेवलेलं होतं म्हणे. दुकानदाराने चष्मा पुसून बाईंच्या हातात दिला. बाईंनी घाईघाईत डोळ्यांवर चढवला, “अहो, मला माझा हातसुद्धा दिसत नाही,” असं म्हणत वळल्या, आणि दुकानाच्या पायरीवरून खाली गेल्या. उजवं मनगट मोडलं. ज्या हाताने फळ्यावर लिहायच्या तोच हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानदार चष्मा घेऊन हजर. केवढा आवाज! आपलं यंत्र कॅलेंडरखाली होतं हे सोडून बाकी सगळं त्याने सांगितलं. मालक धावत आले. साहेबांनी मला पडद्यावर उघडलं आणि विजयी बोटाने दाखवलं.

“हे बघा, मायनस अकरा! मी भरलेलं बरोबर आहे. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. घासणाऱ्याने उलटं घासलं.”

मी तिथेच होतो हो, पडद्यावर! माझाच पुरावा, माझ्याच देखत. ओरडून सांगावंसं वाटलं की अरे, पडद्यावर बघू नका, कागदावर काय उरलं ते बघा. पण मला छापलं तरच बोलता येतं, आणि छापल्यावर पहिलंच अक्षर जातं.

मालक काकांकडे वळले. “काय झालं काका?”

मावशी तोंड उघडणार, एवढ्यात काकांनी तिच्याकडे बघून मान हलवली. मग ते म्हणाले, “नजर चुकली माझी.”

बावीस वर्षं लोकांच्या नजरा दुरुस्त केलेला माणूस, आणि म्हणतो काय, नजर चुकली! मला तेव्हा कळेना, हा माणूस असा का वागतोय. मग मालकांच्या टेबलाच्या खणाची आठवण झाली. त्या खणात एक पत्र होतं, सही व्हायचं राहिलेलं. बबडीचं शिक्षण संपलं होतं. एका मोठ्या कंपनीत तिला नोकरी मिळण्याचा रंग होता, आणि तिथे मालकांची ओळख होती. “हिने आमच्यासाठी केलेला प्रोग्रॅम तीन वर्षं एकाही चुकीशिवाय चालला आहे,” असं त्या पत्रात लिहिलं होतं. शनिवारी सही होणार होती.

काकांनी भिंतीवरचा तो बिनचिन्हाचा स्टिकर पाहिलेला होता. स्टिकर कुणाचा, तर प्रोग्रॅमचा. प्रोग्रॅम कुणाचा, तर लेकीचा. मी, सहा घरांचा मोठा हिशेबी, जे मला जमलं नाही ते त्यांनी एका घटकेत मोजलं. पत्र एकीकडे, स्वतःचं स्टूल दुसरीकडे. त्यांनी स्टूल सोडलं.

साहेबांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. दुकानदार शनिवारी कारखाना बघायला येणार, म्हणून त्यांनी फर्मान काढलं, ती कागदांची भिंत खरवडून रंगवून टाका. काकांचा शेवटचा दिवस शुक्रवार ठरला.

शुक्रवारी दुपारी बबडी वडिलांची अवजारांची पेटी न्यायला आली. डोळे सुजलेले होते. घरी काका तिला एवढंच म्हणाले होते की आता वय झालं, हात कापतो. तिला ते पटलं नव्हतं. आदल्याच दिवशी त्यांनी तिच्यासमोर सुईत दोरा ओवला होता.

“भिंतीकडे काय बघतेस? चल, पेटी उचल,” काका म्हणाले.

“संध्याकाळी खरवडणार ना? मग एकदा बघू दे की.”

ती बघत राहिली. हातच्या चिठ्ठ्या संपल्या की खालपर्यंत मीच मी! मोकळ्या जागेची चिमूट कापली गेलेली आणि मग चिन्ह. +1.25. -0.75. +2.00. -9.50. बोट खाली खाली येत शेवटच्या ओळीत थांबलं.

“बाबा, याला चिन्ह का नाही?”

“असेल काहीतरी. चल.”

“बाबा, हाच तो चष्मा का?”

काका पेटीची कडी लावत बसले. कडी लागलेलीच होती.

ती तरातरा कॉम्प्युटरशी आली. मला उघडलं. तीन वर्षांनी ती माझ्याकडे अशी बघत होती! तिने -9.50 भरून छापलं. -9.50 आलं. -11 भरून छापलं. पडद्यावर -11.00, कागदावर 11.00. तिने दोन्ही कागद शेजारी धरले आणि बोटांवर मोजलं. मायनसचं एक, अकराचे दोन, दशांशचिन्ह, शून्य, शून्य. सहाव्या बोटाला तिचा चेहरा पांढरा पडला.

“मालक, जरा इकडे येता?” तिने हाक मारली.

“बबडे, गप्प बस,” काका म्हणाले. मी त्यांना एवढ्या मोठ्याने बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

“नाही बसणार, बाबा. चूक माझी आहे. तुमची नाही.”

मालक आले. तिने दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. प्रिंटर काय खातो, माझ्यामुळे ते कसं झाकलं गेलं, अकराला जागा कशी उरली नाही. रडत नव्हती.

साहेब केबिनमधून उगवले. “मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो, प्रोग्रॅममध्येच काहीतरी आहे!”

तेव्हा मावशीने हातातला चिकटपट्टीचा रोल टेबलावर आपटला. “आणि काका चिन्ह विचारायला आले तेव्हा काय म्हणाला होतात, साहेब? तेही सांगा की! ‘चिन्ह नसेल तर प्लस, काचा घासा!’ मी इथेच उभी होते. काकांनी मला गप्प बसवलं म्हणून बसले. आता नाही बसत. काढायचं तर मलाही काढा.”

साहेब म्हणाले, त्यांना असं काही आठवत नाही. आठवत नाही हे उत्तर फार सोयीचं, कुठल्याही प्रश्नाला बसतं.

मालकांनी ऐकून घेतलं. मालक न्यायी माणूस, पण मेहुणा सोडून. काकांना म्हणाले, “सोमवारपासून या.” साहेबांना काहीच म्हणाले नाहीत. बबडीला म्हणाले, “तू खरं सांगितलंस ते चांगलं केलंस. पण आता त्या पत्रावर सही कशी करू? एकाही चुकीशिवाय असं लिहिलंय.”

“नका करू,” ती म्हणाली.

काका मटकन स्टुलावर बसले. “अगं, एवढं कशासाठी केलं होतं मी?”

“तुम्हीच शिकवलं होतंत ना, चिन्ह नसेल तर हात थांबवायचा? मग तुम्ही का घासलंत?”

काकांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते ॲप्रनने पुसले. “चुकलंच ते,” ते म्हणाले. “विचारलं, पण उत्तर येईपर्यंत थांबलो नाही. नजर चुकली म्हणालो ते अगदीच खोटं नव्हतं.”

मग बबडीने मला पडद्यावर मोठं केलं आणि माझं एकेक अक्षर बापाला समजावून सांगितलं. + म्हणजे काय, 6 म्हणजे काय. काका ॲप्रन हातात धरून ऐकत होते.

“म्हणजे सहा हे कमीत कमी?”

“हो.”

“काचेची कडही कमीत कमी किती जाड हवी, हे मी बघतोच. पण त्याआधी फ्रेम किती मोठी आहे ते बघतो. तू कमीत कमी किती ते सांगितलंस, बबडे. जास्तीत जास्त कोण येईल, हे विचारलंच नाहीस.”

“नाही विचारलं, बाबा,” ती म्हणाली.

त्याच दुपारी काकांनी बाईंच्या काचा नव्याने घासल्या, मायनस अकरा आणि मायनस साडेदहा. बाप-लेक स्वतः चष्मा द्यायला गेले. बाईंनी दार उघडलं तेव्हा हात प्लॅस्टरमध्ये होता. बबडीने चूक कशी झाली ते जसंच्या तसं सांगितलं. बाईंनी चष्मा लावला, आधी तिच्याकडे आणि मग काकांकडे नीट बघितलं, आणि म्हणाल्या, “बसा. पाणी तुमचं तुम्हाला घ्यावं लागेल.” सोमवारी काका मावशीला हे सांगत होते, म्हणून मला कळलं.

भिंत खरवडली नाही. मालकांनीच नको सांगितलं. साहेब अजून केबिनमध्ये आहेत. प्रिंटरही तोच आहे, अजून पहिलं अक्षर खातो. उत्तम आहे म्हणतात.

माझं म्हणाल तर मी निवृत्त झालो. माझ्या जागी आता `:+8.2f` आहे. तरुण आहे, ऐसपैस आहे, उणे नव्याण्णव आलं तरी त्याच्याकडे घरं शिल्लक असतात. बबडीने त्याच्याकडून शंभर वेगवेगळे नंबर छापून घेतले, मगच कामावर ठेवलं. मला एका +3.00 वर ठेवलं होतं. चालायचंच.

मोठ्या कंपनीची नोकरी गेली. ती आता एका छोट्या ठिकाणी काम करते, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. काका मावशीला सांगत होते, की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “तुमच्याकडे येणारा सगळ्यात मोठा आकडा कोणता?” लोक वैतागतात म्हणे. वैतागू देत.

मला तिने पुसलं मात्र नाही. माझ्या ओळीच्या आधी # लावलं. आमच्या भाषेत # च्या पुढचं काही कॉम्प्युटर वाचत नाही, सरळ ओलांडून जातो. ते फक्त माणसांनी वाचायचं असतं. म्हणजे इतकी वर्षं ज्याला यंत्राने वाचलं तो मी, आता माणसांच्या वाट्याला आलोय. तेव्हा माणसांनो, एवढंच ऐका. पडद्यावर सगळं ठीक दिसत असेल तरी एकदा कागद बघा. आणि कुणी ट्रे हातात घेऊन दाराशी आलं, तर कप उचला.

माझ्याखाली बबडीने एक ओळ लिहून ठेवली आहे. तिलाही पुढे # आहे. ती अशी:

`# वरची ओळ पुसू नये. सहा म्हणजे कमीत कमी सहा. हे मी नीट बघितलं नाही, म्हणून बाबा माझ्यासाठी खोटं बोलले.`